मळ्याच्या हद्दीतला गुन्हा

२०१९ हे साल वरच्या आसामातील चहामळ्यांत दोन कारणांनी लक्षात राहिले आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गोलाघाट जिल्ह्यातील हालमिरा बागेत आणि लगतच्या जोरहाट जिल्ह्यात विषारी दारू पिऊन दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत बायकाही पुष्कळ होत्या. पुढे ३१ ऑगस्टला जोरहाट जिल्ह्यातल्याच टियोक बागेच्या रुग्णालयात, एका मजुराच्या मृत्यूने खवळलेल्या जमावाने तेथल्या ७३ वर्षांच्या डॉक्टरांचा जीव घेतला. हे डॉक्टर निवृत्तीनंतरही तेथे सेवा करीत होते. जोरहाटच्या न्यायालयाने पुढल्याच वर्षी ऑक्टोबरात २५ जणांना दोषी ठरवून एकाला फाशीची आणि चोवीसांना जन्मठेपेची शिक्षा फर्मावली. निकालाची बातमी आली त्या दिवशी आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींत एका सुविद्य गृहस्थांनी वर्तमानपत्र घडी करीत जो अभिप्राय दिला, तो मी नंतर निरनिराळ्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे पितृत्व एकट्या त्यांच्याकडे देणे अन्यायाचे होईल. ते म्हणाले, ‘अहो, त्या लोकांची संस्कृतीच तशी!’

अशा अभिप्रायाला शास्त्राचा अंगरखाही उपलब्ध आहे. मार्विन वुल्फगँग आणि फ्रँको फेराकुटी या दोघा पंडितांनी १९६७ साली हिंसेच्या उपसंस्कृतीची जी उपपत्ती मांडली, तिचा सारांश असा की, ज्या समूहात अपमानाला हात उगारून उत्तर देणे हे पौरुषाचे लक्षण समजले जाते, तेथे हिंसा ही एखाद्याची विकृती न राहता समूहाची रीत होते आणि ती करणाऱ्याला त्यात पाप वाटत नाही. उपपत्ती म्हणून ती टाकाऊ नव्हे. परंतु ग्रंथातला विचार बाजारात येताना त्याची किल्मिषे तेवढी बरोबर येतात, तसे याही विचाराचे झाले, आणि ‘रीत’ या शब्दाच्या जागी ‘रक्त’ हा शब्द केव्हा येऊन बसला ते बोलणाऱ्यालाही कळले नाही. महाराष्ट्राला तरी हे कळायला हवे होते. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मालाच अपराध ठरवून माणसांना हजेरीला जुंपले, सोलापूरच्या सेटलमेंटीत तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढवल्या, आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही एखाद्या गावात चोरी झाली की पोलीस पहिल्याने पारध्याच्या पालावरच जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला टियोकचा निकाल वाचून संस्कृतीची चर्चा सुचू नये.

मळ्यात गुन्हा कोठून आला, हे पाहावयाचे तर प्रथम तेथे गुन्हा कशाला म्हणत हे पाहिले पाहिजे.

एकाने दुसऱ्याशी नोकरीचा करार केला आणि तो मोडला, तर जगातील बहुतेक न्यायपद्धतींत ती दिवाणी बाब असते. नुकसानीचा दावा लावावा, वसूल होईल तेवढे करावे, हा शिरस्ता. हिंदुस्थानात मात्र १८५९ च्या तेराव्या कायद्याने आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला फौजदारीत ओढले. त्यावर ताण केली ती बंगाल सरकारच्या १८६५ च्या कायद्याने. पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटावाचून, पोलिसावाचून, स्वतः पकडण्याचा अधिकार त्याने मळेवाल्याला बहाल केला. छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा, मध्य प्रांत येथून अरकाट्यांनी, म्हणजे मजूरभरतीच्या दलालांनी, कधी भूल देऊन तर कधी दुष्काळाचा फायदा घेऊन आणलेली मुंडा, उराँव, संथाळ माणसे, ज्यांना पुरुषास महिना पाच, स्त्रीस चार आणि मुलास तीन रुपये वेतन कायद्याने लिहून दिले होते, ती आजाराला किंवा माराला कंटाळून रात्री लाइनीबाहेर, म्हणजे मळ्यावरच्या मजूरवस्तीबाहेर, पडली की त्या पावलाला गुन्हा म्हणत. मारणाऱ्याच्या हाताला गुन्हा म्हणण्याची वहिवाट नव्हती. मळेवाल्याचा हा खाजगी अटकेचा हक्क १९०८ पर्यंत टिकला आणि १८५९ चा कायदा तर १९२६ पर्यंत. म्हणजे साठ-पासष्ट वर्षे, तीन पिढ्या, एका समाजाने ‘कायदा’ या शब्दाचा अर्थ असा शिकला की, बंगल्यात राहतो तो साहेब, साहेबाचा तो सरदार, सरदाराचा तो चौकीदार, आणि रात्री लाइनीभोवती फिरतो तो कंदील. पोलीस ठाणे नावाची वस्तू कोठेतरी होती, परंतु ती मळ्याच्या हद्दीबाहेर होती.

हा प्रकार आसामपुरता नव्हता, आणि मराठी माणसाने त्याची झळ जन्मभूमीपासून फार दूर जाऊन सोसली आहे. रत्नागिरीकडून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेली आमची माणसे करार संपल्यावरही मोकळी झाली नव्हती. तेथल्या १८६७ च्या वटहुकुमाने कराराबाहेरच्या हिंदी माणसाला छायाचित्र चिकटवलेला परवाना जवळ बाळगणे भाग पाडले, आणि तो घरी राहिला म्हणून रस्त्यात सापडलेला कष्टाळू गृहस्थ ‘भटक्या’ ठरून तुरुंगात गेला. १८७१ साली ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ या सहृदय युरोपियनाने ९४०१ सह्यांचा अर्ज गव्हर्नराला दिला, तेव्हा कोठे चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले. आता त्या बेटाच्या तुरुंगाचे त्या वर्षांतले दफ्तर काढून कोणी हिंदी लोकांत गुन्हेगारी फार असे अनुमान काढले, तर आकडे त्याच्या बाजूने साक्ष देतील! आकड्यांना कायदा कोणी लिहिला हे विचारता येत नाही.

मळ्यात उपसंस्कृती होती, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की ती एक नव्हती, दोन होत्या, आणि पंडितांची दृष्टी त्यांपैकी एकीवरच खिळून राहिली आहे. एक लाइनीची. दुसरी मळेवाल्या साहेबांच्या क्लबाची.

क्लबाच्या उपसंस्कृतीला वुल्फगँगसाहेबांची व्याख्या अक्षरशः लागू पडते. अपमानाला हाताने उत्तर देणे हे तेथे पौरुषाचे लक्षण होते, मजुरावर चाबूक उगारण्याची लाज वाटत नसे, आणि आपल्यातल्या कोणावर बालंट आले तर सर्वांनी एक होऊन त्याला सोडवणे हा तेथला कुलधर्म होता. १८८३ साली इल्बर्टच्या विधेयकाने हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार देऊ केला, तेव्हा विरोधाची आरोळी ज्यांनी सर्वांत मोठी ठोकली त्यांत आसामचे चहावाले आणि बिहारचे नीळवाले पुढे होते. त्या गदारोळाचे फलित असे की, युरोपियन आरोपीला निम्मे तरी गोरे पंच मिळण्याचा हक्क पुढल्या साली कायद्याने पक्का झाला. मुल्कराज आनंदांच्या ‘टू लीव्हज अँड अ बड’ या १९३७ च्या कादंबरीत मजुराला गोळी घालणारा साहेब अखेर निर्दोष सुटतो. कादंबरीकाराला त्यासाठी कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागली नसेल. याउलट १८९६ ते १९०२ या काळात आसामचे चीफ कमिशनर असलेल्या हेन्री कॉटन यांनी मजुरांचे वेतन वाढवावे असा आग्रह धरला, तेव्हा क्लबाने त्यांच्यावर जी आग पाखडली ती त्यांना नोकरीच्या अखेरपर्यंत पुरली. मुंबईकरांना हे नाव परके वाटू नये. १९०४ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या काँग्रेसचे अध्यक्ष ते हेच कॉटन.

या दुसऱ्या उपसंस्कृतीची सावली पहिलीवर कशी पडली, ते लाइनीत एक दुपार काढल्यावाचून कळत नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबराच्या अखेरीस जोरहाटच्या पलीकडे एका बागेत मी पानांचे वजन होत असता उभा होतो. आकाश निरभ्र होते, ऊन कोरडे होते, चार दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. तीन बांबूंच्या तिवईला काटा टांगलेला, शेजारी स्टुलावर बाबू, त्याच्या मांडीवर हजिरीचे पुस्तक, आणि समोर डोक्यावर पानांची गाठोडी घेतलेल्या बायकांची लांब रांग. गाठोडे आकड्याला लागे, काटा थांबे न थांबे तोच बाबू आकडा पुकारी आणि पुस्तकात दोन किलो कमी लिही. एक किलो कापडाचा आणि एक पाण्याचा, असे मला सांगण्यात आले. मी वेड्यासारखे आकाशाकडे पाहिले. रांगेतल्या कोणीही पाहिले नाही. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मात्र माझी नजर हेरली आणि तोंडाला पदर लावून ती हसली. नंतर सादरी बोलीत ती जे म्हणाली ते सोबतच्या तरुणाने मला उलगडून सांगितले: ‘बाबू, हे पाणी आमच्या आजीच्या वेळेपासून वाळलेले नाही.’

‘निरिख’ म्हणजे दिवसाचे नेमून दिलेले काम. तेथे ते चोवीस किलो होते. ते पुरे झाले तर पुरी ‘हजिरा’, म्हणजे रोज. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात २०२३ च्या ऑक्टोबरात ती हजिरा २५० रुपये झाली. पंधरवड्याच्या पगाराला तेथे ‘तलब’ म्हणतात. हा शब्द ऐकून मी चमकलो, कारण आपल्याकडे त्याचाच बिघडलेला अवतार, ‘तलफ’, चहाच्या संदर्भात तोंडी असतो. एकाच अरबी शब्दाची एक बाजू पिणाऱ्याकडे आली आणि दुसरी खुडणारीकडे राहिली. असो. मुद्दा असा की, रोज दर गाठोड्यामागे कापडाच्या आणि कोरड्या पाण्याच्या नावाने दोन किलो वजा होतात, याची फिर्याद कोणत्या ठाण्यात नोंदवावयाची? नोंदवली तरी कलम कोणते? आणि ज्या बाईने तोंड उघडले तिच्या मुलाला पुढल्या हंगामात काम मिळेल याची जामिनकी कोण घेणार? तिचे घर मळ्याचे, नळ मळ्याचा, दवाखाना मळ्याचा. १९५१ च्या प्लँटेशन लेबर ॲक्टाने घर, पाणी, औषध, पाळणाघर या सर्वांची जबाबदारी मालकावर टाकली आणि ते त्या काळी फार पुरोगामी पाऊल मानले गेले. परंतु त्यानेच मालक हा घरधनी, वैद्य आणि धान्याचा कोठारी होऊन बसला, आणि सरकार मळ्याच्या फाटकाबाहेर जेथे उभे होते तेथेच निश्चिंतपणे उभे राहिले.

लाइनीची जी रीत मला दिसली ती या व्यवस्थेला दिलेले उत्तर आहे. एकट्याने तक्रार करावयाची नाही, कारण एकट्याचे नाव बाबूच्या वहीत चढते. सर्वांनी मिळून जावयाचे, घोळका करून, शक्यतो अंधार पडताना, बंगल्यासमोर. घोळक्याला चेहरा नसतो, म्हणून घोळक्यातला माणूस सुरक्षित असतो. १९२१ च्या मे महिन्यात चरगोळा खोऱ्यातले हजारो मजूर ‘मुलूख चलो’ म्हणत मळे सोडून चालू लागले ते याच रीतीने, आणि चांदपूरच्या स्टेशनावर २० तारखेच्या रात्री गुरखा शिपायांनी त्यांच्यावर हत्यार चालवले, तेव्हा साऱ्या देशाने त्या घोळक्याला साधुवाद दिला. तीच रीत टियोकला एका वृद्ध डॉक्टराच्या अंगावर गेली. रीत तीच होती म्हणून कृत्य तेच झाले असे मी म्हणणार नाही. चांदपूरचा घोळका मार खात होता आणि टियोकचा मारत होता, हा भेद लहान नव्हे, आणि टियोकला जे घडले ते निखालस खून आहे. पण ज्या समाजाला शंभर वर्षे न्यायाच्या नावाने बंगल्याचा व्हरांडाच तेवढा ठाऊक होता, त्याचा संताप मळ्यातल्या पहिल्या पांढऱ्या कोटावर तुटून पडला, याची चिकित्सा ‘संस्कृती’ या एका शब्दात उरकत नाही.

दारूचेही तसेच. घरोघर तांदूळ आंबवून केलेली हाडिया ही मुंडा-उराँवांच्या सणावाराला, लग्नाला, पितरांना लागते; ती पिऊन माणूस झिंगतो, मरत नाही. हालमिराला माणसे मेली ती सुलाईने, म्हणजे गूळपाणी आंबवून चोरून गाळलेल्या दारूने, आणि सुलाई हा तलबेच्या दिवशी रोकड हाती असलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहून उभा राहिलेला धंदा आहे. एक संस्कृतीची वस्तू, दुसरी बाजाराची. दोहोंना ‘या लोकांचे व्यसन’ या एका नावाने संबोधणे म्हणजे पंचामृत आणि भेसळीचे दूध एकाच ओळीत मांडणे होय.

आता अशा ठिकाणी येतो जेथे मला माझाच युक्तिवाद आवरावा लागतो. लाइनीत एखाद्या घरी मूल तापाने गेले, पाठोपाठ दुसरे गेले, आणि ओझ्याने, म्हणजे मांत्रिकाने, तांदूळ टाकून कोपऱ्यातल्या विधवेकडे बोट दाखवले, की ती बाई ‘डाइनी’ ठरते. तिला मारतात, हाकलतात, कधी ठार करतात. येथे क्लब नाही, बाबू नाही, काट्यातले कोरडे पाणी नाही. खेड्यांतून विधवेची जमीन बळकावण्यासाठी तिला डाकीण ठरवतात असे सांगितले जाते आणि ते पुष्कळदा खरेही असते, परंतु लाइनीत बळकावण्यासारखी जमीनच कोणाची नसते. तेथे उरते ती श्रद्धा, भय आणि शेजाऱ्याचा मत्सर. आमच्या सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे, डाकिणीच्या नावाने बाईचे जे हाल होतात त्यांना इंग्रज मळेवाला कारण नव्हता. तेव्हा संस्कृती निरपराध आहे, हे म्हणणे मला साधणार नाही. आपल्या आवडत्या उपेक्षितांच्या हातून घडलेल्या क्रौर्याकडे काणाडोळा करणाऱ्या सहानुभूतीचा मला फार दिवसांपासून कंटाळा आला आहे. आसामने २०१५ साली या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, त्याला राष्ट्रपतींची संमती २०१८ साली मिळाली, आणि त्यातले अपराध दखलपात्र व बिनजमानती आहेत. तो कायदा कठोरपणे चालवला पाहिजे, ओझ्यापासून आरंभ करून.

एवढे मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ताप कशाचा होता, हे सांगणारे कोणी जवळ असते तर ओझ्याचे बोट उचलले गेले असते का? जेथे औषधाच्या नावाने सलाईनची एक बाटली आणि जेवायला गेलेल्या डॉक्टराची वाट एवढेच आहे, तेथे मृत्यूचे कारण शोधण्याचे काम ओझा करतो. तो ते वाईट करतो. पण रिकामी जागा त्याने निर्माण केलेली नाही.

जमावाचा उन्माद लाइनीतच पिकतो, असे ज्यांना वाटते त्यांनी गुवाहाटीचा बेलतोला चौक आठवावा. २४ नोव्हेंबर २००७ रोजी मळ्यातले आदिवासी अनुसूचित जमातींत आपली गणना व्हावी म्हणून मोर्चाने तेथे आले होते. मागणी रास्त होती, कारण झारखंडात मुंडा हा अनुसूचित जमातीचा आणि त्याचाच आसामात गेलेला भाऊबंद मात्र नव्हे, असा विचित्र न्याय आजवर चालत आला आहे. मोर्च्यातल्या काहींनी दुकाने, गाड्या फोडल्या, हे खरे. मग शहरातल्या, शिकल्यासवरल्या, राजधानीच्या नागरिकांनी रस्त्यात त्यांची जी शिकार केली, एका तरुण मुलीला भर चौकात विवस्त्र करून जी मारहाण केली, तिची छायाचित्रे देशाने पाहिली. त्या दिवसानंतर गुवाहाटीच्या मध्यमवर्गाच्या उपसंस्कृतीवर कोणी प्रबंध लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मळ्याची हद्द आणि कायद्याची हद्द या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जोवर सरकार कृतीने सिद्ध करीत नाही तोवर लाइनीला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसाचे घर त्याच्या नावावर पाहिजे. काम सुटले की छप्पर सुटते ही धास्ती असलेला मनुष्य साक्ष द्यायला उभा राहत नाही. दवाखाना सरकारी पाहिजे, काट्याची तपासणी करणारा अधिकारी बंगल्यावर चहा न घेता परत गेला पाहिजे, आणि अरकाट्याचा आजचा वारस, जो मोबाइल हातात घेऊन ‘दिल्लीला चांगले काम आहे’ असे सांगत चौदा वर्षांच्या मुलींना लाइनीतून घेऊन जातो, त्याच्याविरुद्धची फिर्याद मळ्याच्या चौकीदाराच्या परवानगीवाचून नोंदली गेली पाहिजे. यात नवे काही नाही. रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या खेड्यात जे वाईटसाईट का होईना मिळते, तेच हे आहे.

टियोकच्या खटल्याची हकीगत पुष्कळांनी लिहिली आणि ती लिहिणे अवश्य होते. तिच्यात ज्या मजुराच्या मृत्यूने त्या दुपारचा आरंभ झाला तो मात्र पहिल्या दोन ओळींनंतर पुन्हा भेटत नाही. तो ३३ वर्षांचा होता आणि मळ्याच्या पटावर कायम नव्हता. अशा हंगामी मजुराला बागेच्या बोलीत एक शब्द आहे, बाबू तो सहज उच्चारतात आणि मजूरही स्वतःविषयी सांगताना तोच वापरतात. तो शब्द ‘फालतू’.